आमच्या पेटीचं पोट भरलं तेव्हा

ही हकिकत मी साठाहून जास्त वर्षं टाळली. अगदीच सांगितली नाही असं नाही; अर्धी सांगितली. मुलांना, सुनांना, पाहुण्यांना मी रंगवून सांगायचो की सत्तावन्न सालच्या निवडणुकीत मी जयपूरला पोलिंग एजंट होतो, आणि बायका मतपेटीपुढे हात जोडून, तिच्यावर तांदळाचे चार दाणे टाकून बाहेर यायच्या. लोक हसायचे, मीही हसायचो. हसण्यासारखं जिथे संपतं, तिथे मी चहा मागवायचो.

आता जयपुरातच, मानसरोवर वसाहतीत मुलाकडे राहतो. गेल्या निवडणुकीच्या वेळी टीव्हीवर आरडाओरडा चालला होता, तेव्हा नातीने विचारलं, "आजोबा, मतलब तुमच्या वेळी हे सगळं नव्हतं ना? तेव्हाची माणसं चांगली होती ना?" मी "हो" म्हणालो. त्या एका शब्दाने तोंडात आंबलेल्या ताकासारखी चव आली. रात्रीच्या जेवणापर्यंत ती गेली नाही. म्हणून उरलेली अर्धी हकिकत लिहितो आहे.

वडील केंद्र सरकारच्या कचेरीत होते. बदली होऊन साताऱ्याहून इथे आले आणि किशनपोल बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले. मी बी.ए. झालो आणि वर्षभर रिकामा बसलो. माझ्यापाशी दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, अक्षर. लहानपणी वडिलांनी बोरूने कित्ते गिरवून घेतले होते. गल्लीतल्या कुणाला अर्ज लिहून हवा असला की मला बोलावणं येई. असाच एकदा पक्षाच्या वॉर्ड कचेरीतून बोलावणं आलं. मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायच्या होत्या.

कचेरी एका रजईवाल्याच्या दुकानावर होती. खाली दिवसभर कापूस पिंजायचा आवाज, वर हवेत तरंगणारे तंतू. बोलताना ते ओठांना चिकटत. पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा म्हणेल, "हां, तो पक्ष असाच." मला ती पळवाट कुणाला द्यायची नाही.

वॉर्डाचे अध्यक्ष एक वकील होते. मऊ बोलायचे, पान खायचे, आणि कुणालाही नकार देताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. वॉर्डातल्या एका खाजगी शाळेच्या समितीचेही तेच अध्यक्ष. त्या शाळेत भूगोल शिकवणारे एक मास्टरजी होते. पन्नाशीचे, खादीचा कोट, त्याला दोनच बटणं. राजाच्या अमलात जबाबदार सरकार मागितलं म्हणून ते तुरुंगात जाऊन आले होते. पक्षाला कचेरी नव्हती तेव्हापासून ते पक्षात होते. मला ते "दक्खणी बाबू" म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमचे पूर्वज इथे चौथ वसूल करायला आले होते. तू काय वसूल करणार?" मी गोंधळलो. ते हसून म्हणाले, "बस, चिठ्ठ्या लिही."

त्या वेळची मतदानाची रीत आजच्या लोकांना सांगावी लागते. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पत्र्याची पेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतदाराने कोरा कागद घ्यायचा, आत जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. कागद कुठल्या पेटीत सापडला, एवढंच मोजलं जाई. कागदावर कुणाचीच खूण नसे, तेव्हा तो कुणी टाकला हे पेटी सांगू शकत नसे.

मास्टरजींनी बिस्किटांचे चार डबे आणले, झाकणांना फटी पाडल्या आणि गल्लोगल्ली जाऊन बायकांना शिकवलं. "पेटी कुणाची?" ते विचारायचे. "उमेदवाराची," बायका घुंगटाआडून म्हणायच्या. "आणि कागद?" "माझा." "मग तो हातातून सुटेल कुठे?" "पेटीतच." कुणी चुकून विरोधकांच्या डब्यात टाकला तर ते रागवायचे नाहीत. "तिला तोच आवडला असेल," म्हणायचे. रजईवाला कपाळावर हात मारायचा. "मास्टरजी, आपण आपल्यासाठी मतं मागतोय की त्यांच्यासाठी?"

मतदानाच्या चार दिवस आधी वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. "बायामाणसांना पेट्या ओळखू येत नाहीत. चिठ्ठ्या द्यायला जाशील तेव्हा सांग, कागद ओढणीत बांधून बाहेर आणा, आमची माणसं बरोबर पेटीत टाकतील. ही सेवाच आहे. आणि हे मास्टरजींच्या कानावर घालू नकोस. त्यांना कायद्याचं अजीर्ण झालंय."

मी पंचवीस-तीस घरांत ते सांगितलं. काय चाललंय हे मला कळत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. कळत होतं. एका घरात रजयांत कापूस भरणारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "पण मास्टरजी तर म्हणाले, पेटीतच टाक." मी म्हणालो, "मास्टरजींनीच पाठवलंय मला." इतकं सहज म्हणालो. त्या घरून निघताना तिने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तो मी चघळत पुढच्या दारी गेलो.

मतदान एका शाळेच्या वर्गात होतं. आमच्या पक्षाचे एजंट दोघे, मास्टरजी आणि मी. केंद्राधिकारी पाटबंधारे खात्यातले एक ओव्हरसियर होते. साधा बूट वाजला तरी दचकणारा माणूस. सकाळभर ठीक चाललं. दुपारी गर्दी ओसरली आणि विरोधी पक्षांचे एजंट जेवायला गेले. तेवढ्यात रजईवाल्याचा मुनीम मत द्यायला आला. पडद्याआड तो फार वेळ होता. पत्रा वाजल्यासारखा आवाज आला. मग तो घाम पुसत बाहेर पडला आणि कुणाकडे न पाहता निघून गेला.

त्याच्यामागून ती म्हातारी आत गेली. गेली तशी परत आली. कागद हातातच.

"भैया, ह्या पेटीचं तर पोट भरलंय. माझा घास घेईना."

ओव्हरसियर हसले. "माई, पेटीला कसलं पोट?"

"मग तुम्हीच भरवून बघा." तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. "ह्या दक्खणी बाबूनं सांगितलं होतं, कागद बाहेर आण म्हणून. मी म्हटलं, पाय चालतायत तोवर मीच टाकते. आता घेईना, त्याला मी काय करू?"

मास्टरजींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी समोरच्या यादीवर रेघ मारायला लागलो. मारायची नव्हती त्या ठिकाणी.

आम्ही तिघेही पडद्याआड गेलो. आमच्या पेटीच्या फटीत एक गठ्ठा अडकला होता. घडी घातलेले कागद, एकात एक खोचलेले, अर्धे आत, अर्धे बाहेर. बाहेरच्या टोकावर कसला तरी तुपकट डाग होता. बायकांच्या ओढण्यांतून, कार्यकर्त्यांच्या हातांतून, कचेरीतल्या लाडवांच्या परातीशेजारून तो गठ्ठा तिथवर आला होता. त्यातले काही कागद माझ्या शब्दावर बाहेर आले होते. आजही दाराच्या फटीत काही अडकलेलं दिसलं की मला तो डाग दिसतो.

ओव्हरसियरांचा आवाज खाली आला. "मास्टरजी, ही तुमच्याच पक्षाची पेटी."

"दिसतंय."

"मग तुमची काही हरकत नसणार. दुसरे तर जेवायला गेलेत."

माझ्या हातात फूटपट्टी होती, यादीवर रेघा मारायची. मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी ती पुढे केली. "ह्याने आत ढकलता येईल," मी म्हणालो.

मास्टरजींनी पट्टी माझ्या हातातून घेतली. क्षणभर वाटलं, ढकलतात. त्यांनी ती कोटाच्या खिशात ठेवली.

"हरकत आहे. लिहून घ्या."

"अहो, तुम्ही त्यांचे एजंट! तुम्ही कशी हरकत घेणार?"

"ते जेवायला गेलेत म्हणून तर मला घ्यायला हवी. इथे दुसरं कोण आहे?"

ओव्हरसियरांनी मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांनी तो गठ्ठा ओढला. लिफाफ्यात घातला, लाखेचं सील केलं. मग म्हातारीने आपला एक कागद पेटीत टाकला, हात जोडले आणि गेली. मास्टरजींनी बाकावर बसून हरकत लिहिली. सादर करण्याआधी मला वाचायला दिली. त्यात मुनीम होता, गठ्ठा होता, वेळ होती, ह्या केंद्रावर पुन्हा मतदान घ्यावं अशी मागणी होती. माझं नाव नव्हतं. "मतदारांना कुणीतरी चुकीची माहिती दिल्याचं दिसतं," एवढंच होतं. मी वर पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्यावर थांब, बेटा."

मी थांबलो नाही.

संध्याकाळी कचेरीत गादीवर सगळे जमले होते. मधोमध लाडवांची परात. रजईवाला ओरडत होता, "घरभेदी! वीस वर्षं आमच्या ताटात जेवला आणि ताटातच थुंकला!" कुणीतरी म्हणालं की मास्टरजींना आमदारकी हवी होती, मिळाली नाही म्हणून हे. मास्टरजींनी कधी साधी खुर्चीही मागितली नव्हती. सभेत ते पायरीवर बसायचे. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी माना डोलत होत्या. त्या डोलणाऱ्या माना आठवल्या की मला अजून किळस येते. वाईट माणसांची येत नाही एवढी. ती वाईट माणसं नव्हती. एकमेकांच्या अंत्ययात्रेला खांदा देणारी, आजाऱ्याला मोसंबी नेऊन देणारी माणसं होती. पक्षाच्या गादीवर बसली की त्यांची मान आपली उरत नसे, एवढंच.

वकीलसाहेब ओरडले नाहीत. "आपल्याला कुणाचं वाईट करायचं नाही," ते म्हणाले. "फक्त कागदाला कागद हवा. त्यांचा एक दाखल झालाय. दुसरा आपला." मग माझ्याकडे वळले. "तू तिथे होतास. तू लिही. मी सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं: मी अमुक केंद्रावर एजंट म्हणून हजर होतो, मास्टरजींनी आपल्या कोटाच्या खिशातून कागदांचा गठ्ठा काढून पेटीच्या फटीत घातला, हे मी स्वतः पाहिलं, गेले काही आठवडे ते विरोधकांना भेटत होते आणि आपल्याच पक्षाचं मतदान रद्द व्हावं असा त्यांचा बेत होता.

"कोटाच्या खिशातून" ह्या शब्दांपाशी माझा टाक अडला. त्या खिशात माझी फूटपट्टी होती.

"काय झालं?" वकीलसाहेब म्हणाले.

रजईवाला हसला. "लिही रे दक्खणी! तुझे पूर्वज घोड्यावर बसून चौथ घेऊन गेले. तू नुसत्या टाकाने घे."

सगळे हसले. वकीलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाळेच्या ऑफिसात एक जागा आहे. अक्षर चांगलं असलेला माणूस हवाय."

मी वाक्य पुरं केलं. खाली सही केली. समासही सोडला होता, दोन्ही बाजूंना सारखा. मग परात माझ्याकडे सरकवली गेली आणि मी दोन लाडू खाल्ले. एक नाही, दोन. त्यांना खालच्या कापसाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील दाढी करत होते. मी त्यांना सांगितलं. सरकारी नोकर म्हणून ते राजकारणापासून चार हात दूर असत. मला वाटलं, संतापतील. आरशातून नजर न काढता त्यांनी विचारलं, "खोटं लिहिलंस?"

"हो."

त्यांनी वस्तरा धुतला, पुसला, घडी करून ठेवला. "सुरेखच लिहिलं असशील," म्हणाले.

पुढे जे झालं त्याला चौकशी म्हणायचं. एकाच पक्षाचे दोन एजंट उलटसुलट सांगताहेत, तेव्हा खरं काय ते ठरवता येत नाही, असा शेरा पडला. ओव्हरसियरांनी सांगितलं की गठ्ठा कुणी घातला ते आपण पाहिलं नाही, आणि तेवढं खरंच होतं. म्हातारीला कुणी विचारलंच नाही. पुन्हा मतदान झालं नाही. आमचा माणूस निवडून आला आणि इतक्या मतांनी आला की ते सबंध केंद्र बाद केलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ह्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते. भूक लागली म्हणून चोरलं असतं तर निदान भूक तरी समजली असती. आम्ही भरल्या पोटी चोरलं, आणि ज्याने हात धरला त्याला चोर ठरवलं.

मास्टरजींना पक्षातून काढलं. शाळेच्या समितीने त्यांची नोकरी संपवली, कारण लिहिलं, "वर्तन शिक्षकाला न शोभणारे." त्याला पुरावा म्हणून माझ्या निवेदनाची नक्कल जोडली होती. हे मला ठाऊक आहे, कारण जुलैत मी त्याच शाळेच्या ऑफिसात लागलो आणि तो हुकूम रजिस्टरात उतरवून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तो उतरवला.

आठवड्याभराने ते नोकरीचा दाखला न्यायला आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मी उठलोही नाही. रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी सही केली, दाखला घडी करून आतल्या खिशात घातला आणि बाहेरच्या खिशातून फूटपट्टी काढून टेबलावर ठेवली.

"तुझी आहे. माझ्याकडे राहून गेली होती."

त्यात टोमणा होता का? मी त्यावर हजार वेळा विचार केला आहे. मला वाटतं, नव्हता. त्यांना खरोखरच दुसऱ्याची वस्तू परत करायची होती. ती पट्टी मी पुढे अनेक वर्षं त्या टेबलावर वापरली. फेकून देण्याएवढीही लाज मला तेव्हा वाटली नाही.

ते चाकसूला आपल्या गावी गेले, मुलांच्या शिकवण्या करू लागले असं ऐकलं. माझं लग्न झालं, मुलगी झाली. साठ सालानंतर कधी तरी मुलीला देवी आल्या. शेजारच्या मारवाडी काकींनी नवस बोलून ठेवला होता, पोर वाचली तर चाकसूला शीतलामातेच्या मेळ्याला न्यायची. पोर वाचली. आम्ही आदल्या दिवशी रांधलेले गोड पुवे आणि ताकात शिजवलेली बाजरीची राबडी डब्यात घेऊन बसने गेलो. त्या दिवशी तिथे चूल पेटवत नाहीत; देवीलाही कालचंच थंड अन्न दाखवतात आणि सगळे तेच खातात.

दर्शन घेऊन उतरलो तर वाटेवर पाणपोई होती. पितळी तांब्याने एक म्हातारा लोकांच्या ओंजळीत पाणी ओतत होता. कोटाची बटणं आता सगळीच गेली होती.

"अरे! दक्खणी बाबू!" मास्टरजी म्हणाले. आवाजात नुसता आनंद होता. मुलीच्या गालावरचे वण पाहून त्यांनी बोट टेकवलं. "शीतलाआईने हात फिरवलाय, बस. शाळेत घाल हिला." मग रांगेतल्या लोकांना म्हणाले, "जयपुरात ह्याच्यासारखं अक्षर कुणाचं नाही." माझी बायको खूष होऊन पदर सावरू लागली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"आता एकच पेटी असते, कळलं ना?" पाणी ओतता ओतता ते म्हणाले. "कागदावर शिक्का मारायचा आणि सगळ्यांनी एकाच पेटीत टाकायचा. बरं झालं. माईंना पेट्या ओळखत बसायला नको."

मी ओंजळ तोंडाशी नेली. वाक्य घशात तयार होतं. कितीतरी वर्षं तयार होतं.

"मास्टरजी, मला..."

"बोल, बेटा."

मागे रांग होती. माणसं तहानलेली होती. बायको शेजारी होती आणि तिला काहीच माहीत नव्हतं.

"पाणी फार गार आहे," मी म्हणालो.

"मातीचे रांजण आहेत," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाच्या ओंजळीत पाणी ओतू लागले.

बसमध्ये बायकोने विचारलं, "कोण हो ते? किती माया होती बोलण्यात."

"आमच्या शाळेत होते," मी म्हणालो.

त्यानंतर मी पत्र लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. दर वेळी कागदाकडे पाहिलं की तेच अक्षर, तोच दोन्ही बाजूंना सारखा सोडलेला समास. त्या निवेदनासारखंच देखणं. असल्या अक्षरातली माफी कोण खरी मानेल, असं मी स्वतःला सांगायचो. ती सबब होती. मला भीती वाटत होती की ते पत्र कुणाच्या हाती लागेल, समितीपर्यंत जाईल, नोकरी जाईल. मग एक दिवस चाकसूचा एक माणूस आपल्या जुन्या दाखल्याची नक्कल मागायला शाळेत आला. बोलता बोलता त्याने सांगितलं की मास्टरजी गेल्या थंडीत वारले. मी त्याला नक्कल करून दिली. त्याने अक्षराची तारीफ केली.

आता हात थरथरतो. अक्षर वेडंवाकडं झालंय, ओळी खाली उतरतात. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

मास्टरजी, तुमच्या खिशात गठ्ठा नव्हता. फूटपट्टी होती, ती माझी होती, आणि ती चोरीचे कागद आत ढकलायला मीच पुढे केली होती. बायकांना कागद बाहेर आणायला मी सांगितलं, तेही तुमचं नाव घेऊन. तुम्ही माझं नाव लिहिलं नाहीत. मी तुमचं लिहिलं. त्या दिवशी पाणपोईवर मला पाण्याबद्दल बोलायचं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं की मी खोटं लिहिलं, तुम्ही खरं बोललात, मला क्षमा करा.